पांढरी लेन्स, काळी लेन्स

मुलांनो, क्रिकेटच्या सामन्यात सीमारेषेबाहेर बसलेले फोटोग्राफर कधी नीट पाहिलेत? काहींच्या कॅमेऱ्याला लांबलचक पांढरी लेन्स असते, काहींच्या काळी. पांढरी बऱ्याचदा कॅननची, काळी निकॉनची. दोन्ही कंपन्या जपानच्या, आणि चुरस फार जुनी! पांढरा रंग ऐटीसाठी नाही हं, उन्हात लेन्स कमी तापावी म्हणून.

१९८७ साली कॅननने ईओएस कॅमेरे काढले आणि लेन्स बसवायची खोबणीच बदलली. पदरमोड करून जमवलेल्या जुन्या लेन्स नव्या कॅमेऱ्याला बसेनात! निकॉनने मात्र १९५९ चीच खोबणी ठेवली होती. मग लोक कॅननला सोडून गेले? छे! कॅननच्या प्रत्येक नव्या लेन्समध्ये छोटी मोटर होती. पळत्या खेळाडूवर ती झटकन फोकस साधे. खेळांचे कितीतरी फोटोग्राफर उलट तिकडेच वळले. उडालेली दांडी पुन्हा थोडीच उडते?

तरी निकॉनवालेही पुष्कळ टिकले. कारण हाताची सवय! निकॉनची लेन्स ज्या दिशेला फिरवून बसवतात, त्याच्या बरोबर उलट कॅननची. घाईत, न बघता लेन्स बदलणाऱ्याचं काय होत असेल? लिहिता त्याच्या दुसऱ्या हाताने आपलं नाव लिहून बघा बरं.