चीजांची वही आणि रद्दीचा काटा

दिवाळीच्या आधीचा पंधरवडा माळे रिकामे करण्याचा. रद्दीवाल्याची दिवाळी आपल्या आधी सुरू होते, आणि त्याच्या गोणीत आमच्यासारख्यांचे मागच्या वर्षीचे दिवाळी अंकही असतात. त्याबद्दल तक्रार नाही, छापील माल पुन्हा मिळतो. तक्रार आहे ती एकच प्रत असलेल्या वस्तूबद्दल: घरातल्या कुणा गाणाऱ्या आत्याची, पेटी वाजवणाऱ्या आजोबांची चीजांची वही. पुठ्ठा सुटलेला, शाई फुटलेली. ‘यातलं आता कुणाला काय कळतंय?’ म्हणत ती काट्यावर जाते. यंदाच्या अंकातला एक विभाग संगीताच्या कागदपत्रांसाठी राखला आहे. त्याआधी वाचकांना जरा तंजावरला घेऊन जायचं आहे.

तंजावरच, कारण तिथे मराठी राज्यकर्त्यांनी कागद जपले. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयाची सुरुवात नायक राजांच्या काळातली, पण ते भरलं भोसल्यांनी, आणि सर्वांत जास्त दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२). त्यांच्या कितीतरी आधी, १६८४ साली गादीवर आलेल्या शहाजीराजांनी ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठी नाटक लिहिलं. विष्णुदास भाव्यांच्या ‘सीता स्वयंवर’ नाटकाच्या (१८४३) आधी दीडशे वर्षांच्या आसपास! संगीतात तर त्याहून मोठी ठेव आहे. गीतं, प्रबंध आणि आलापाच्या अंगाने जाणारे ‘ठाय’ स्वरांसकट लिहून ठेवलेली हस्तलिखितं तिथे आहेत. त्यागराज, मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या आधी दक्षिणेत प्रत्यक्ष काय गायलं जाई, याचा एवढा थेट पुरावा फार थोड्या ठिकाणी सापडेल. पहिल्या तुळजाजींनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला, तो याच परंपरेत.

मला मात्र ग्रंथांपेक्षा सरफोजीराजांच्या नावावरची ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ ही मराठी रचना अधिक खिळवून ठेवते. भरतनाट्यमच्या आजच्या कार्यक्रमात अलारिप्पू, वर्णम्, पदम्, तिल्लाना असा क्रम लागतो. इथे नर्तकीसाठी कितीतरी लांब पल्ला आहे. ‘जय जय’ने सुरुवात, मग शरणु, अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजति, तिल्लाना, जक्किणी, गीत, प्रबंध असं करत मंगळापर्यंत. आणि नाचायची भाषा मराठी. ज्यांना आज तंजावर चौकडी म्हणतात ते चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार भाऊ याच दरबाराशी जोडलेले. मराठी साहित्याच्या इतिहासात या कागदांना अर्ध्या परिच्छेदाहून जास्त जागा का मिळू नये, हे मला तरी उमगलेलं नाही.

सरफोजीराजांनीच पाश्चात्त्य वाद्यांचा बँड बाळगला होता. युरोपीय स्वरलेखनातले कागदही त्या संग्रहात आहेत. आणि या सगळ्याच्या जोडीला दरबाराचं मोडी दप्तर, काही सरस्वती महालात, काही तिथल्या तमिळ विद्यापीठात. कलावंतांचे पगार, बक्षिसं, वाद्यांवरचा खर्च. शास्त्रग्रंथ राग कसा असावा ते सांगतो. गाणाऱ्याच्या घरात महिन्याला काय येत होतं, ते हिशेबाच्या कागदावाचून कळत नाही. आपण नेमका हाच कागद आधी टाकतो.

विष्णू नारायण भातखंडे हे वकील, त्यांना कागदाची किंमत ठाऊक होती. १९०४ साली ते दक्षिणेत हिंडले. एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांकडून त्यांना व्यंकटमखीच्या ‘चतुर्दण्डिप्रकाशिका’ या संगीतग्रंथाची प्रत मिळाली. त्यातल्या ७२ मेळांचा विचार पुढे त्यांच्या दहा थाटांच्या मुळाशी आला. तुळजाजींच्या ग्रंथाचा सारही त्यांनीच मुंबईत छापून आणला. मग उस्तादांकडून शेकडो चीजा मिळवून ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग झाले. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, समेला फुली, खालीला शून्य: आपल्यापैकी अनेक जण गाणं वाचायला शिकले ते या खुणांवर.

पण ही पुस्तकं उघडून पाहा. चीजेखाली ती कुणाकडून मिळाली, हे सहसा नसतं. छापताना रचना स्वच्छ होते, माणूस गळतो. घरगुती वहीत तो असतो. तिथे ‘खाँसाहेब असं म्हणत, बुवा असं’ अशी टीप असते, अंतऱ्याची जागा कोरी असते (दिला नाही, की आठवला नाही?), ब्रजातला शब्द ऐकू आला तसा कोकणी कानाने उतरवलेला असतो. शिकवणीची फी, तबलजीची बिदागी, पुढच्या बैठकीची तारीख त्याच पानावर. अशुद्ध म्हणून बाजूला टाकलेली ती वही संशोधकाला छापील ग्रंथाहून जास्त बोलकी वाटते, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

घराण्याची विद्या बाहेर जाईल ही भीती खोटी नव्हती. चीजा हुंड्यात दिल्याच्या गोष्टी उगाच सांगितल्या जात नाहीत. आज भीती उलट आहे, ती विद्या घरातच संपेल ही. ग्रंथालयाला दिलं म्हणजे कुलुपात गेलं, असंही काही वारस म्हणतात, आणि काही ठिकाणी ते खरंही असतं. म्हणून देण्याआधी विचारावं: यादी करणार का, प्रत काढून घरी देणार का, अभ्यासकाला हात लावू देणार का? सरस्वती महालाची गोष्ट पाहा. १८५५ मध्ये राज्य संपलं, १८८० मध्ये बर्नेल या इंग्रज न्यायाधीशाने केलेली संस्कृत हस्तलिखितांची सूची छापून आली, १९१८ मध्ये ग्रंथालय लोकांसाठी खुलं झालं. सूचीवाचूनचा संग्रह म्हणजे नुसता ढीग.

आणि वाचणारे? मराठा आरक्षणासाठीच्या कुणबी नोंदींच्या शोधात २०२३ मध्ये मोडी वाचकांना एकाएकी भाव आला. त्यातल्या मूठभरांनी संगीताच्या दप्तरांकडे वळावं, एवढी मागणी फार नाही.

तर यंदा माळ्यावर अशी वही सापडली, तर तिला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. पानं सुटी असली तरी आहेत त्याच क्रमाने लिफाफ्यात ठेवा. वही कुणाची, ते गाणं कुणाकडे शिकले, कोणत्या गावात, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून वेगळ्या कागदावर लिहा आणि तो कागद सोबत ठेवा. मग आम्हाला कळवा. वही पाठवू नका. टपालाचा भरवसा आम्ही देत नाही.