चालत्या यंत्रांना मृत्यूचा दाखला

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी भंडारा जिल्ह्यातील कोणताही संगणक मोडला म्हणून निकामी ठरला नाही. तुमसरच्या झेरॉक्सच्या दुकानातले, लाखांदूरच्या सेवा केंद्रातले, पवनीच्या विद्यार्थ्याच्या दप्तरातले यंत्र सकाळी चालत होते तसेच संध्याकाळीही चालत होते. तरीही त्या दिवशी हजारो मैलांवरून अशा यंत्रांना मृत्यूचा दाखला दिला गेला. मायक्रोसॉफ्ट कंपनीने ‘विंडोज १०’ या प्रणालीच्या नित्याच्या सुरक्षा-दुरुस्त्या त्या दिवसापासून थांबवल्या. पुढची ‘विंडोज ११’ हवी असेल तर किमान चार जीबी रॅम, ६४ जीबी साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि कंपनीच्या यादीत नाव असलेला प्रोसेसर पाहिजे. ज्याच्याकडे हे नाही त्याने नवा संगणक घ्यावा, असा या फर्मानाचा सरळ अर्थ. कॅनालिस या बाजार-संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच अंदाज वर्तवला होता, की या एका निर्णयापायी जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतील.

हा निर्णय म्हणजे तंत्रज्ञानाचा अपरिहार्य नियम आहे, असे सांगितले जाते. तो तसा नाही, हे कंपनीच्याच वर्तनाने सिद्ध झाले. आणखी एक वर्ष दुरुस्त्या हव्या असतील तर घरगुती ग्राहकाने तीस डॉलर मोजावेत, नाही तर आपली मांडणी कंपनीच्या साठ्यात ठेवण्यासारख्या अटी मान्य कराव्यात, असा तिचा सौदा होता. युरोपातील ग्राहक संघटनांनी दंड थोपटले, तेव्हा सप्टेंबर २०२५ मध्ये तेथील ग्राहकांपुरती ही वसुली मागे घेण्यात आली. जे बर्लिनच्या ग्राहकाला विनामूल्य देता येते ते भंडाऱ्याच्या ग्राहकाला का देता येत नाही? उत्तर तंत्रात शोधू नये. ते संघटित आणि असंघटित ग्राहकांमधल्या फरकात आहे.

परंतु या फर्मानाचा खरा घाव कोणावर बसतो, हे पाहण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. २०१४-१५ च्या सुमारास बाजारात एक नवे स्वस्त यंत्र आले. पडदा वेगळा केला की पाटी, कळफलक जोडला की संगणक. दुकानदाराच्या भाषेत ‘टू-इन-वन’. आत इंटेलचा कमी वीज खाणारा ॲटम प्रोसेसर, दोन जीबी रॅम, ३२ जीबी साठवण. मायक्रोमॅक्सचा ‘कॅनव्हास लॅपटॅब’ २०१५ मध्ये १४,९९९ रुपयांना निघाला, तो याच जातीचा. धानाचे चुकारे हाती आल्यावर मुलासाठी संगणक घेऊ पाहणाऱ्या घराला परवडेल असे हे यंत्र होते, आणि वीज गेली तरी ते काही तास चालत असे. अशा यंत्रांवर मुक्त प्रणालीने बस्तान बसवू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्ये आपली एक आवृत्ती उत्पादकांना जवळजवळ फुकट दिली. अट एवढीच, की शोधयंत्र तिचेच ठेवावे. पहिला घास फुकट देण्याची सावकारी रीत विदर्भाला नवी नाही. पुढे त्याच कंपनीच्या अद्ययावत आवृत्त्या इतक्या फुगल्या की ३२ जीबीच्या साठवणीत त्या मावेनात. यंत्र मंदावले, मालकाने ते कपाटात टाकले, आणि दोष मात्र स्वस्त वस्तू घेणाऱ्या गरिबाच्या माथी आला.

या यंत्रात बिघाड काही नाही. त्यावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती घातली तर ते पुन्हा कामाला लागते. उदाहरणार्थ ‘अँटीएक्स’. ग्रीसमध्ये जन्मलेली, डेबियन या स्वयंसेवी प्रकल्पावर उभारलेली ही प्रणाली २५६ एमबी रॅमवरही सुरू होते आणि पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते. तिचा प्रमुख निर्माता ‘अँटीकॅपिटलिस्टा’ या नावाने वावरतो, आणि २०१६ ची आवृत्ती होंडुरासमध्ये त्याच वर्षी खून झालेल्या बेर्ता कासेरेस या नदी वाचवणाऱ्या आदिवासी कार्यकर्तीच्या नावाने निघाली. गोसीखुर्दच्या विस्थापितांशी ज्यांचा संबंध आला आहे, त्या कार्यकर्त्यांना हे नाव परके वाटू नये.

अडचणी लपवण्यात अर्थ नाही. यांतील बऱ्याच यंत्रांचा प्रोसेसर ६४ बिटांचा आणि त्याला जागे करणारी मूळ आज्ञावली मात्र ३२ बिटांची, असा विचित्र जोड आहे. त्यामुळे साधी लिनक्सची प्रत घेतली तर यंत्र ती ओळखतच नाही. डेबियनने या जोडाची सोय २०१५ मध्येच केली. स्पर्शपडदा, आवाज आणि बॅटरी यांसाठी हान्स द गुड या डच प्रोग्रामरने वर्षानुवर्षे खपून लिनक्सच्या गाभ्यात दुरुस्त्या घातल्या. तरीही एखाद्या यंत्राचा कॅमेरा चालणार नाही, एखाद्याचा आवाज रुसेल. दोन जीबी रॅमवर न्याहाळकाची दहा पाने एकाच वेळी उघडणाऱ्याची निराशाच होईल. पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरणे, सातबारा पाहणे, अर्ज टंकणे, हिशेब मांडणे एवढ्याला ते यंत्र पुरेसे आहे, आणि सामान्य माणसाचे संगणकाशी काम बहुतांशी एवढेच असते.

मग हे होत का नाही? महाराष्ट्राला याची ओळख नव्हती असे नाही. २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैरात या वस्तीच्या एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप’ या जागतिक प्रकल्पाची हिरवी-पांढरी यंत्रे आली. पडदा फिरवला की पुस्तक होणारे, अवघ्या २५६ एमबी रॅमवर लिनक्स चालवणारे ते यंत्र वर सांगितलेल्या जोडयंत्रांचे पूर्वजच म्हणता येईल. केंद्र सरकारने २००६ मध्येच या प्रकल्पाकडे पाठ फिरवली होती. मुलांच्या हाती यंत्र देऊन शिक्षणाचा प्रश्न सुटेल, हा त्या प्रकल्पाचा भाबडेपणा टीकेस पात्रच होता. पण यंत्र छोटे, प्रणाली मुक्त आणि वीज थोडी, हा त्यातला धडा घेण्याजोगा होता. तो मात्र सरकारने टीकेबरोबरच फेकून दिला.

केरळने तो धडा स्वतःच्या बळावर गिरवला. तेथे शाळांच्या संगणक अभ्यासक्रमावर एका कंपनीची छाप पडू लागली तेव्हा शिक्षक संघटनाच विरोधात उभी राहिली. आज तेथील सरकारी शाळांतले दोन लाखांवर संगणक मुक्त प्रणालीवर चालतात, आणि त्यामुळे तीन हजार कोटी रुपये वाचल्याचा त्या राज्याच्या यंत्रणेचा दावा आहे. दावा निम्मा खरा मानला तरी तो महाराष्ट्राने शरमावे इतका मोठा आहे. महाराष्ट्रात २००१ मध्ये सरकारच्या सहभागाने महामंडळ निघाले, एमएस-सीआयटी आली, आणि सरकारी नोकरीसाठी तिचे प्रमाणपत्र लागू झाले. त्या नावातील ‘एमएस’ म्हणजे महाराष्ट्र स्टेट. परंतु लाखो तरुणांनी फी भरून जे शिकले ते मुख्यतः त्याच आद्याक्षरांच्या कंपनीचे विंडोज आणि ऑफिस. केंद्राचे शालेय संगणक धोरण २०१२ मध्ये आले, सरकारी कार्यालयांसाठीचे मुक्त प्रणालीचे धोरण २०१५ मध्ये आले. सी-डॅक या सरकारी संस्थेची ‘बॉस’ ही भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली तर २००७ पासून आहे. कागदावर कशाचीच उणीव नाही.

डॉ. राममनोहर लोहिया छोट्या यंत्राचा आग्रह धरत तेव्हा त्यांची टवाळी करणारे पुष्कळ होते. ज्या भंडाऱ्याने १९५४ च्या पोटनिवडणुकीत अशोक मेहतांना लोकसभेत पाठवले, तेथे तरी छोट्या यंत्राच्या मालकीचा प्रश्न किरकोळ मानला जाऊ नये. पण चळवळीच्या किती कार्यालयांत आज मुक्त प्रणाली आहे? मक्तेदारीविरुद्धची पत्रके मक्तेदाराच्याच आज्ञावलीवर, तीही अनेकदा चोरीच्या प्रतीवर, जुळवली जातात. मराठी टंकनाचे निमित्त पुढे केले जाते. तेही लटके आहे: इनस्क्रिप्ट कळफलक सरकारनेच १९८६ च्या सुमारास प्रमाणित केला, आणि तो लिनक्समध्ये आयताच मिळतो. अडचण असते ती जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटची, आणि ती सवय विंडोजवरही कधी तरी सोडावीच लागणार आहे.

शासकीय कार्यालयांत निकामी वस्तू कमी करण्याला ‘निर्लेखन’ म्हणतात. १४ ऑक्टोबरनंतर संगणकांच्या निर्लेखनाचे प्रस्ताव आणि त्यामागोमाग नव्या खरेदीच्या निविदा येणे क्रमप्राप्त आहे. भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, पवनी आणि लाखांदूर या सातही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकाराखाली जिल्हा परिषद आणि पंचायत समित्यांकडे तीन गोष्टी मागाव्यात: किती संगणक निर्लेखित होत आहेत, त्यांतील किती प्रत्यक्ष बंद आहेत, आणि चालत्या यंत्रावर मुक्त प्रणाली घालून पाहिली होती काय. तोवर एकाही चालत्या संगणकाचा लिलाव होऊ नये, ही मागणी येत्या ग्रामसभांत ठरावाच्या रूपाने मांडावी.