यंत्राने सांगितलेली पट्टी

डीजेच्या लॅपटॉपवर आज प्रत्येक ट्रॅकसमोर दोन नोंदी आयत्या मिळतात. '१२२ बीपीएम, ८ए', म्हणजे मिनिटाला १२२ ठोके आणि पट्टी ए मायनर. पट्ट्यांना क्रमांक देणाऱ्या कॅमेलॉट चक्रात शेजारचा क्रमांक असलेला ट्रॅक शोधायचा, वेग जुळवायचा, की मिक्स जमला, अशी समजूत नवशिक्या डीजेंमध्ये पक्की होत चालली आहे. डीप हाउसपुरती तरी ती फसवी आहे. यातला वेगाचा आकडा बहुधा खरा असतो. पट्टीची नोंद हा मात्र अंदाज असतो, आणि कानाने पारखल्याशिवाय त्यावर विसंबू नये.

हा फरक या संगीताच्या घडणीतच आहे. हाउस १९८०च्या दशकात शिकागोच्या क्लबांत वाढले आणि लॅरी हर्ड यांच्या 'कॅन यू फील इट'सारख्या (१९८६) रचनांनी त्याला 'डीप' वळण दिले. ठेका ड्रम मशीनचा, वेग साधारण ११८ ते १२५. असा अचल ठेका मोजणे संगणकाला सोपे जाते. स्वरांचे तसे नाही. सॉफ्टवेअर सप्तकातल्या बारा स्वरांपैकी कोणता किती वाजतो ते पाहते आणि मेजर-मायनरच्या ठरावीक नमुन्यांशी ताडते. डीप हाउसमध्ये मात्र सेव्हन्थ, नाइन्थ असे भरगच्च कॉर्ड असतात. ए मायनर सेव्हन्थ आणि सी सिक्स्थ यांचे चारही स्वर तेच. आधार ए आहे की सी, हे बेस सांगतो. शिवाय अनेक निर्माते एकच मायनर कॉर्ड सॅम्पल करून तो कीबोर्डवर वर-खाली सरकवतात. मग सगळे स्वर कुठल्याच एका पट्टीत बसत नाहीत, तरी सॉफ्टवेअर एक शिक्का मारूनच मोकळे होते.

एका घराची चूक एरवी खपून जाते, पण दोन पावले मिळून ती अंगाशी येते. ट्रॅक खरोखर डी मायनर, म्हणजे ७ए असताना नोंद ८ए पडली आणि डीजेने शेजारचा ९ए, म्हणजे ई मायनर लावला, तर डी आणि ई असे दोन बेस एकमेकांवर आदळतात. त्यात वेगाची भर पडते. टर्नटेबलवर १२०चा ट्रॅक १२४वर नेला की वेग ३.३ टक्क्यांनी वाढतो आणि सूरही अर्धस्वराच्या निम्म्याहून थोडा अधिक चढतो. पांढरी सहाचा, म्हणजे ए पट्टीचा ट्रॅक मग पांढरी सहा आणि काळी पाच यांच्या अधेमध्ये लटकतो. पडद्यावर ८ए असले, तरी कानावर पडणारी पट्टी ती नसते.

यावर 'की लॉक'चा उपाय सुचवला जातो. तो वेग बदलूनही मूळ सूर राखतो, हे खरे. पण मूळ नोंदच चुकीची असेल, तर तो चुकीचीच राखण करतो. शिवाय ताण जास्त दिला की लांब कॉर्ड आणि ठोक्याची धार दोन्ही बिघडतात. दुसरा आक्षेप असा, की नाचणाऱ्यांना पट्टी कुठे कळते? नाव सांगता येणार नाही, हे मान्य. पण डीप हाउसमध्ये दोन ट्रॅक ६४ बारपर्यंतही एकत्र चालवले जातात. १२२च्या वेगात ही दोन मिनिटांहून अधिक होतात, आणि इतका वेळ बेसूर चाललेले कुणालाही खटकते. तिसरा आक्षेप वेळेचा : शेकडो ट्रॅक कोण तपासणार? सगळे तपासायची गरजच नाही. ज्यांचे लांब मिश्रण करायचे आहे तेवढे घ्यावेत, बेस सुरू झाल्यावर कीबोर्डवर त्याचा मुक्कामाचा स्वर शोधावा आणि वाजवायच्या वेगातच जोडी एकदा ऐकून पाहावी.

सॉफ्टवेअर टाकून द्या, असे कुणी म्हणत नाही. हजार ट्रॅकमधून वीस निवडायला ते उत्तमच आहे. त्या विसातले कोणते दोन एकत्र लावायचे, हे मात्र पडद्याकडे पाहून ठरवू नका. हेडफोन लावा आणि ऐका.