फॉरमॅट मारण्यापूर्वी

संगणक सुरू होईनासा झाला की दुरुस्तीवाला सहज म्हणतो, 'फॉरमॅट मारावा लागेल', आणि आपण मान डोलावतो. ही घाई आम्हांस मान्य नाही. वसतिगृहाच्या कार्यालयातील संगणकात मुलांच्या दाखल्यांच्या, जातप्रमाणपत्रांच्या, शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या प्रती असतात. ज्या घरात कागद ठेवायला कपाट नाही, त्या घराचे ते कपाटच होय.

विंडोज सुरू झाले नाही म्हणजे फायली नष्ट झाल्या, असे बहुधा नसते. बिघाड प्रणालीत असतो. डिस्कवरील मजकूर जागच्या जागी असतो. उबुंटूसारखी विनामूल्य लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन, ती स्थापित न करता, तिच्यावरूनच संगणक सुरू करता येतो. मग जुनी डिस्क उघडून हव्या त्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. दुरुस्ती त्यानंतर. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर मात्र 48 अंकी किल्ली लागते. ती पुष्कळदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात नोंदलेली असते, आणि ते खाते कोणाच्या नावे उघडले होते हेच कोणाला आठवत नसते! डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तर सारे प्रयोग थांबवून संगणक बंद करावा व डिस्क तज्ज्ञाकडे न्यावी. सुरू करण्याच्या प्रत्येक प्रयत्नाने तिची हानी वाढू शकते.

हे काम नववी-दहावीच्या मुलामुलींना शिकवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी जुना, बंद पडलेला संगणक शाळेस दिला तरी पुरे. तो मुलांपुढे ठेवावा, आणि पेनड्राइव्ह त्यांच्या हाती द्यावा.