अर्ज कोरा नव्हता



आपल्या घराघरांतली मुलं-मुली आता संगणक शिकू लागली आहेत. कुणी वस्तीतल्या मंडळाची वेबसाइट तयार करतो, कुणी वधू-वर मेळाव्याची नोंदणी ऑनलाइन घेतो, कुणी विहाराच्या ग्रंथालयाची. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण या कामात एक अडचण हमखास येते. अर्ज भरणारा म्हणतो, मी सगळं भरलं. आणि इकडे पाहावं तर रकाने रिकामे. ही माहिती जाते कुठे आणि ती शोधायची कशी, याविषयी आज लिहितो. मी संगणकतज्ज्ञ नाही. कारकुनी करतो आणि विहाराच्या कामात असतो. जे लिहितो ते आमच्याच चुकीतून शिकलेलं आहे.

आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत ४० जागा आहेत. एका खोलीच्या घरात टीव्ही, पाहुणे आणि लहान भावंडं यांच्या गलबल्यात अभ्यास करणाऱ्या मुलांना त्या जागेचं मोल काय, ते वाचकांना सांगायला नको. प्रवेशासाठी आमच्याच दोन तरुणांनी ऑनलाइन अर्ज तयार केला. नाव, पत्ता, फोन, शिक्षण, घरातल्या कमावत्या व्यक्ती आणि सोबत गुणपत्रिका व ओळखपत्र यांचे फोटो. यादी लागली त्या दिवशी एक मुलगी अर्ज क्रमांक घेऊन आली. यादीत तिचं नाव नव्हतं. आम्ही नोंद काढली. क्रमांक होता, तारीख होती, वेळ होती. बाकी सगळं कोरं.

"काका, मी सगळं भरलं होतं."

"अगं, मग गेलं कुठं? भरताना नीट बघून भरावं ना!"

हे वाक्य मी बोललो. कचेरीच्या खिडकीतून हेच वाक्य आपल्या माणसांना किती वेळा ऐकावं लागतं, ते मला ठाऊक आहे. तरीही बोललो. ती रडली नाही की भांडली नाही. एवढंच म्हणाली, "काका, कोरा अर्ज कुणी कशाला पाठवेल?"

तिचा प्रश्न बिनतोड होता. तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना सांगितलं, की परंपरेनं आलं, ग्रंथात आहे किंवा गुरू सांगतो एवढ्यावरून काही खरं मानू नका, स्वतः तपासून पाहा. विहारात बसून आम्ही हे दर रविवारी सांगतो. आणि इथे मात्र संगणक दाखवतो म्हणून खरं मानून मोकळे झालो होतो! मग त्या दोन तरुणांना बोलावलं आणि तपास सुरू केला.

अर्जाचा प्रवास आधी समजून घेऊ. माहिती भरली जाते ती मोबाइलच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये. बटण दाबलं की ती सर्व्हरकडे निघते. तिथे एक स्क्रिप्ट ती उघडून वाचते आणि डेटाबेसमध्ये नोंदवते. कचेरीतल्या आवक बारनिशीसारखंच हे काम आहे. कागद हरवला तर आपण काय करतो? तो कुठल्या टेबलापर्यंत पोहोचला होता ते एकेक टेबल गाठून पाहतो. इथेही तेच करायचं.

पहिलं टेबल ब्राउझर. संगणकावर एफ१२ हे बटण दाबलं की डेव्हलपर टूल्स उघडतात. त्यातल्या 'नेटवर्क' भागात अर्ज पाठवताना कोणती माहिती निघाली ते दिसतं. आम्ही त्या मुलीलाच तिच्या मामाचा फोन घेऊन बोलावलं, कारण तिनं अर्ज त्याच फोनवरून भरला होता. फोटो तेच घेतले आणि संगणकावरून अर्ज पुन्हा भरला. माहिती व्यवस्थित निघाली होती. म्हणजे मुलगी खरी होती.

दुसरं टेबल स्क्रिप्ट. आमची स्क्रिप्ट पीएचपी भाषेत होती. ही भाषा रॅस्मस लेरडॉर्फ यांनी १९९५ साली लोकांसमोर आणली. तिच्या सुरुवातीच्या एका नावातच 'फॉर्म इंटरप्रिटर', म्हणजे अर्ज वाचणारा, असे शब्द होते. पीएचपीमध्ये आलेली माहिती 'पोस्ट' नावाच्या संचात आणि फोटो 'फाइल्स' नावाच्या संचात मिळतात. स्क्रिप्टच्या अगदी पहिल्या ओळीला हे दोन्ही संच छापून पाहिले. दोन्ही रिकामे!

तिसरं टेबल सर्व्हरची त्रुटींची वही, म्हणजे एरर लॉग. ती आम्ही कधी उघडलीच नव्हती. उत्तर तिथेच लिहिलेलं होतं: आलेला मजकूर मर्यादेपेक्षा मोठा आहे. पीएचपीत 'पोस्ट मॅक्स साइज' नावाची मर्यादा असते आणि वेगळी सांगितली नाही तर ती ८ एमबी असते. मामाचा फोन नवा, कॅमेरा चांगला, एकेक फोटो पाच एमबीच्या आसपास. दोन मिळून मर्यादेबाहेर. अशा वेळी पीएचपी नुसता फोटो नाकारत नाही, नाव-पत्त्यासकट सगळा अर्ज रिकामा करून स्क्रिप्टच्या हाती देते. बाकीच्या मुलांनी फोटो व्हॉट्सॲपवरून मागवून लावले होते. ते आपोआप लहान झालेले, म्हणून त्यांचे अर्ज निभावले.

एका फाइलसाठीची मर्यादा निराळी असते, 'अपलोड मॅक्स फाइलसाइज', आणि ती मुळात २ एमबी असते. ती ओलांडली तर फोटो तेवढा अडतो, बाकीची माहिती पोहोचते. दोन्ही मर्यादा वाढवाव्या लागतात आणि पूर्ण अर्जाची मर्यादा फाइलच्या मर्यादेपेक्षा मोठी ठेवावी लागते. हा बदल पीएचपीच्या सेटिंगच्या फाइलमध्ये करायचा असतो. स्क्रिप्टमध्ये ओळ टाकून तो होत नाही, कारण स्क्रिप्ट सुरू होईपर्यंत माहिती गेलेली असते.

पण खरी चूक मर्यादेची नव्हती. आमच्या स्क्रिप्टमध्ये लिहिलं होतं, की रकाना मिळाला नाही तर तिथे मोकळी जागा धर. त्यामुळे सगळा अर्ज गळाला तरी तिनं मुकाट्यानं क्रमांक दिला आणि 'अर्ज मिळाला, धन्यवाद' असं दाखवलं. आता आम्ही अट घातली आहे: माहिती आल्याची खूण आहे, पण दोन्ही संच रिकामे आहेत, तर क्रमांक द्यायचा नाही. 'फोटो मोठे आहेत, लहान करून पुन्हा पाठवा' असं मराठीत सांगायचं.

संगणक शिकणाऱ्या मुला-मुलींनी माहिती गळण्याची आणखी काही कारणं वहीत लिहून ठेवावीत.

रकान्याला 'नेम' दिलेलं नसेल तर ब्राउझर तो पाठवतच नाही. नुसता 'आयडी' देऊन भागत नाही. नावात एका अक्षराचा फरक असला तरी स्क्रिप्टला तो सापडत नाही. फॉर्मची 'मेथड' लिहिली नाही तर ती 'गेट' धरली जाते. मग माहिती पत्त्याच्या पट्टीतून जाते आणि स्क्रिप्ट 'पोस्ट'मध्ये शोधत बसते. फोटो घ्यायचे असतील तर 'एनक्टाइप'मध्ये 'मल्टिपार्ट फॉर्म डेटा' लिहावंच लागतं. 'डिसेबल्ड' केलेला रकाना पाठवला जात नाही, 'रीडओन्ली' केलेला जातो. खूण न केलेला चौकोन म्हणजे चेकबॉक्स मुळीच येत नाही. पत्ता एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर वळवलेला असेल, तर त्या वळणावर बहुधा 'पोस्ट'चं 'गेट' होतं आणि माहिती गळते.

मोठ्या याद्या करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं. पीएचपी एका वेळी मुळात १००० रकानेच घेते. ही मर्यादा २०१२ साली आली. ३०० कुटुंबांची यादी एकाच पानावर, प्रत्येकी ४ रकाने, म्हणजे १२०० झाले. शेवटची ५० कुटुंबं यादीतून नाहीशी होतील.

रस्त्यावरच्या जुन्या पुस्तकांतून शिकणाऱ्या मुलांसाठी: त्या पुस्तकांत रकान्याचं नाव थेट वापरलेलं दिसतं. ती सोय २००२ साली आपोआप चालू राहायची बंद झाली आणि २०१२ साली पूर्ण काढून टाकली. पुस्तकाप्रमाणे लिहूनही चालत नसेल तर दोष तुमच्या डोक्याचा नाही.

आणि एक कारण मला फार लागलं. अर्ज तपासताना 'कमावत्या व्यक्ती किती' या रकान्यात ० भरलेल्या एका मुलाला आमची स्क्रिप्ट 'हा रकाना भरा' असं पुन्हा पुन्हा सांगत होती. पीएचपीतली 'एम्प्टी' ही तपासणी शून्याला रिकामं समजते. वडील गेलेले, आईचं काम सुटलेलं. त्या पोरानं खरं तेच लिहिलं होतं. शेवटी कंटाळून त्यानं १ लिहिलं. ज्याच्या घरात खरोखर शून्य आहे त्याला आमच्या फॉर्मनं खोटं लिहायला लावलं. जिथे ० हे उत्तर असू शकतं, तिथे रकाना आला की नाही आणि त्यात अक्षर आहे की नाही, हे वेगवेगळं तपासावं.

ज्यांना यातलं तांत्रिक काही नको, त्या माता-भगिनींनाही एक सांगणं आहे. ऑनलाइन अर्ज पाठवल्यावर क्रमांक दिसतो त्या पानाचा फोटो काढून ठेवा. भरलेला अर्ज उघडून पाहायची सोय असेल तर मुदतीच्या आत एकदा पाहा. आणि कुणी "तुम्हीच भरलं नाही" म्हणालं तर मान खाली घालू नका. "नोंदवही उघडून दाखवा" म्हणा.

त्या मुलीला जागा मिळाली. समितीनं तिची माफी मागितली, मीही मागितली. पण कोरे अर्ज तीन होते. विहाराच्या फळ्यावर सूचना लावल्यावर एक मुलगा आला. तिसरं कोण, ते आजही कळलेलं नाही, कारण त्याच्या फोनचा रकानाही रिकामाच आहे. ते मूल बहुधा 'नीट भरलं नसेल आपण' असं समजून घरी बसलं असेल. अभ्यासिकेतली एक खुर्ची आम्ही त्याच्यासाठी मोकळी ठेवली आहे. सूचना अजून फळ्यावर आहे.

जयभीम.