दार उघडे आहे, पण खाट कोणत्या वॉर्डात?

तृतीयपंथी रुग्णांच्या हालअपेष्टांचा विषय निघाला की "शासकीय रुग्णालय कोणालाच परत पाठवीत नाही" हे उत्तर आम्हा अधिकाऱ्यांच्या तोंडी तयार असते. मला हे उत्तर दिशाभूल करणारे वाटते. दार उघडे असते हे खरे. परंतु आत केसपेपरवर लिंगाचा रकाना असतो आणि पुढे वॉर्ड बहुधा दोनच, पुरुषांचा व स्त्रियांचा. स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तीस पुरुषांच्या वॉर्डात खाट दिली की तिला नाकारण्याची गरजच उरत नाही. ती आपण होऊन निघून जाते. दप्तरी मात्र नकाराची नोंद शून्य राहते.

उणीव कायद्याची नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या 'नाल्सा' निकालात रुग्णालयांतून योग्य वैद्यकीय सेवा देण्याचे निर्देश केंद्र व राज्यांना दिले. २०१९ च्या कायद्याच्या कलम १५ ने शस्त्रक्रिया, संप्रेरकोपचार, समुपदेशन व विमा यांची तरतूद करण्याची जबाबदारी शासनावर टाकली. तथापि त्या कलमाचा पहिलाच खंड एचआयव्ही सर्वेक्षण केंद्रांचा होता. मधुमेह, क्षयरोग किंवा मोडलेले हाड घेऊन येणारा सामान्य रुग्ण शासनाला आधी दिसला नाही, हे त्यावरून उघड होते.

२०२२ साली 'आयुष्मान भारत'अंतर्गत वार्षिक ५ लाख रुपयांचे विमासंरक्षण जाहीर झाले. ते स्वागतार्हच. परंतु विमा पैसे पुरवितो, सेवा निर्माण करीत नाही, हे अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्यास ठाऊक असते. शिवाय या योजनेचा मुख्य भर रुग्णालयात दाखल होण्यावर आहे. म्हणजे पुन्हा प्रश्न त्याच वॉर्डाचा!

"एवढ्या थोड्यांसाठी वेगळी व्यवस्था कशी करावी?" असा आक्षेप घेतला जातो. २०११ च्या जनगणनेत लिंगाच्या 'इतर' या रकान्यात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. संख्या अल्प, म्हणूनच खर्चही अल्प. इमारत कोणी मागत नाही. रुग्ण सांगेल त्या नावाने त्यास हाक मारावी, वॉर्ड त्याला विचारून ठरवावा आणि तक्रारीस उत्तरदायी असणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम फलकावर लावावे. यासाठी वैद्यकीय अधीक्षकांचा एक पानी आदेश पुरेसा आहे.

आरोग्य हा राज्यांचा विषय म्हणून केंद्राने हात झटकावेत आणि केंद्राकडून निधी नाही म्हणून राज्यांनी, हा खेळ आता पुरे झाला. निदान केंद्राच्या अखत्यारीतील रुग्णालयांनी तरी हा आदेश आधी काढावा. प्रशासनात ज्या कर्तव्याला पदनाम जोडलेले नसते, ते कर्तव्य कोणाचेच नसते.