आईची साडी कापण्याआधी

'वक्त' (१९६५) चित्रपटात साधनाने घातलेला अंगाबरोबरचा चुडीदार-कमीज आजही मुलींना भुरळ घालतो. त्यामागे कल्पकता होती कोल्हापूरच्या भानू अथैया यांची. तसाच पोशाख आईच्या जुन्या रेशमी साडीतून शिवण्याचा बेत असेल तर मैत्रिणींनो, कात्री हाती घेण्याआधी जरा थांबा.

साडी उजेडासमोर धरा. घडीच्या जागी बारीक चिरा दिसल्या किंवा हलकेच ताणल्यावर धागे सरकले, तर ते रेशीम घट्ट शिवणीचा ताण सोसणार नाही. आधी काखेत उसवेल, मग पाठीवर फाटेल. अशा वेळी कमीज दाट विणीच्या नव्या कापडाची शिवा आणि साडीचे शाबूत काठ तेवढे गळ्याला व बाह्यांना लावा. साडी भक्कम असली तरी सुती अस्तर हवंच.

कमीज गुडघ्यापर्यंत, बाजूचे कट लहान, टक्स नेमके. पाठीला किंवा बाजूला चेन लावायला विसरू नका, नाहीतर इतकी घट्ट कमीज खांद्यांतून उतरायचीच नाही!

चुडीदार मात्र उरेब कापडाचाच हवा. तिरप्या कापलेल्या कापडाला ताण असतो, म्हणून गुडघा सहज वाकतो. लांबी सात-आठ इंच जास्त ठेवा. त्याच्याच चुण्या घोट्यावर पडतात. लेगिंग्जला ती ऐट नाही, काही म्हणा.

पहिला प्रयोग जुन्या चादरीवर करा. घालून मांडी घाला, जिना चढा. जिथे आवळेल तिथलं माप सुधारा आणि मगच साडीवर खडू टेकवा.